उष्टा नंबर

गिरधर कडू दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघत, केळीवाल्याने डझन म्हणून दिलेली फणी त्याच्या तोंडावर मोजत आणि स्टेशनवर 'गाडी वेळेवर आहे' असं ऐकलं की घड्याळ काढून 'पाहू' म्हणत. बुऱ्हाणपुरात त्यांच्याइतका संशयी माणूस मी पाहिला नाही. डॉक्टरने रक्तदाब सांगितला तर ते दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन पहिल्याचं नाव न घेता पुन्हा मोजून घेत.

लालबागमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी जयश्री, इथल्याच शाळेत गणित शिकवते. वय पंचेचाळीस, लग्न केलं नाही आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला मी दुसऱ्यांदा चहा देत नाही. माझे वडील आणि कडूकाका कागदाच्या एकाच गिरणीत होते. दोघं तरुणपणी महाराष्ट्रातून इकडे नोकरीला आले ते इकडचेच झाले. माझे आईवडील गेले, तेव्हापासून संध्याकाळच्या गप्पांना मला शेजारचे हे दोघं उरले होते, काका आणि चंद्रभागाकाकू.

काकांची नोकरी गिरणीच्या सायडिंगवर, म्हणजे मुख्य लाइनपासून गिरणीच्या आवारात गेलेल्या रुळावर. बांबूच्या नि कोळशाच्या वाघिणी आत घ्यायच्या, रिकाम्या बाहेर काढायच्या. हातात हिरवी आणि लाल झेंडी. पस्तीस वर्षं त्यांनी डिझेल इंजिनांना पुढे ये, मागे जा, थांब असं सांगितलं. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, काका इंजिनांना लागले. खरं तर आधीपासूनच लागलेले होते, फक्त आता लपवायची गरज उरली नव्हती.

त्यांच्याकडे आठ वह्या होत्या. प्रत्येक वहीत इंजिनांचे नंबर, तारीख, कोणत्या शेडचं, म्हणजे ते जिथे ठेवतात नि दुरुस्त करतात तिथलं नाव, आणि त्या दिवशीचं एखादं निरीक्षण. 'उजवा दिवा बंद.' 'धूर फार.' 'ड्रायव्हर शिव्या देणारा.' या नादाची माणसं देशभर आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. काकांचा नियम एकच होता. नंबर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तरच वहीत चढवायचा. कोणी सांगितलेला, फोटोत पाहिलेला, या नादिष्टांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला नंबर त्यांच्या लेखी उष्टा. उष्टा नंबर वहीत गेला की वही बाटली.

मला हा नाद त्यांनीच लावला. शाळेतल्या बाया हसतात. एकीने विचारलं, "जयश्रीबाई, रेल्वेत नवरा शोधताय का?" मी तिला म्हणाले की नवरे बहुधा उशिरा येतात आणि धूरही फार करतात. त्यानंतर ती माझ्याशी जपून बोलते.

डिझेल इंजिनं हळूहळू संपत होती. आमच्या लाइनवर विजेची इंजिनं येऊन जमाना झाला, तरी जुनी डिझेलं अधूनमधून दिसत. मग तीही विरळ झाली. कुठल्या शेडमधून किती इंजिनं भंगारात काढली याच्या याद्या ग्रुपवर यायला लागल्या. भुसावळचा मनोज हा आमच्या ग्रुपचा प्रमुख. तो याद्या टाकायचा आणि खाली हात जोडलेलं चित्र. काका त्यातली एकही यादी मानत नसत, आणि त्याला कारण होतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी मनोजने कळवलं होतं, अमुक नंबरचं जुनं इंजिन आज शेवटची गाडी ओढतंय, बुऱ्हाणपूरला सकाळी येईल. आम्ही झेंडूचा हार केला, नारळ घेतला, पेढे घेतले. ड्रायव्हर भला माणूस, त्याने हार बांधू दिला. काका त्या इंजिनाच्या कठड्याला हात लावून उभे राहिले आणि रडले. मीही रडले. नवव्या दिवशी तेच इंजिन, वाळलेल्या हारासकट, एका बिघडलेल्या विजेच्या इंजिनाला नि त्याच्या गाडीला ओढत बुऱ्हाणपुरातून गेलं. काका फलाटावर उभे होते.

"श्राद्ध घालून बसलो," ते म्हणाले, "अन् म्हातारं जेवाले आलं."

त्या दिवसापासून कोणतंही इंजिन मेलं यावर त्यांचा विश्वास उरला नाही.

पण त्यांना खरी काळजी होती ती एकाच इंजिनाची. त्याच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे तीनशे सत्याहत्तर. काका त्याला नुसतं सत्याहत्तर म्हणत. हे इंजिन कितीतरी वर्षं गिरणीच्या सायडिंगवर येत होतं. जुन्या डिझेलची एक खोड असते, बंद केलं की पुन्हा सुरू व्हायला रडवतं. म्हणून काम नसलं तरी ते सुरूच ठेवत, तासन् तास जागेवर धडधडत. कुठे उभं करायचं ते काका झेंडीने दाखवत. उभं करायला सायडिंगचं दूरचं टोकही होतं. काका सत्याहत्तरला गिरणीच्या आवारातल्या आपल्या तेव्हाच्या क्वार्टरच्या खिडकीसमोर आणून उभं करत, वीस पावलांवर. जेवताना त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून.

त्या खिडकीत त्यांचा मुलगा संदीप झोपायचा. सहाव्या वर्षी त्याला दमा जडला. दोरीवरचे कपडे काळे व्हायचे, भिंत काळी व्हायची, आणि काकू पोराची छाती शेकत बसायच्या. डॉक्टरने धुराचं विचारलं तेव्हा काकांनी सांगितलं, गिरणीचा धूर आहे. काकूंना खरं कारण पुष्कळ वर्षांनी कळलं, तेही काकांच्याच तोंडून. त्या मला एकदाच म्हणाल्या होत्या, "माझी सवत डिझेल पीत होती, बाई." आणि मग पोळ्या लाटायला लागल्या.

म्हणून सत्याहत्तरबद्दल काकांचं मन कधी एका जागी बसलं नाही. एकदा म्हणत, त्याच्यासारखं इंजिन पुन्हा होणार नाही. एकदा म्हणत, मेलं तर बरं, माझ्या पोराचा श्वास खाल्ला त्यानं. मी विचारलं, "काका, नक्की काय वाटतं तुम्हाला?" ते चिडले. "तुले गणितासारखं उत्तर पायजे. मले दोन्ही वाटते."

मग त्यांना काचबिंदू झाला. आधी कडा गेल्या, नंतर मधलं धूसर झालं, आणि दोन वर्षांत इंजिनाचा रंगही दिसेनासा झाला. सुरू असलेलं इंजिन ते आवाजावरून ओळखत, शेडसुद्धा सांगत, पण नंबर वाचायचा कसा? वह्या बंद पडायची वेळ आली. तेव्हा त्यांनी नियमाला एक वाट काढली, आणि ती त्यांच्या स्वभावाला शोभणारीच होती. एक माणूस खोटं बोलू शकतो, दोन माणसं एकच खोटं सहसा बोलत नाहीत. म्हणून दोन साक्षीदार.

एक मी. दुसरा यादव, रेल्वेतून निवृत्त झालेला फाटकवाला. बायको वारली होती, मुलं इंदूरला, दिवसभर स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर बसायचा. काका फलाटाच्या मधल्या बाकावर बसत. मी खंडव्याकडच्या टोकाला, यादव भुसावळकडच्या टोकाला. गाडी गेली की आम्ही एकेकट्याने बाकाशी जायचं आणि काकांच्या कानात नंबर सांगायचा. दुसऱ्याने तेव्हा ऐकू येणार नाही इतकं लांब थांबायचं. दोघांचे नंबर जुळले तर वहीत, नाहीतर ती गाडी गेलीच नाही असं समजायचं. फलाटावरचे लोक आमच्याकडे बघून काहीबाही बोलत. एका पोलिसाने तर यादवला बाजूला घेऊन विचारलं, कानात काय चाललंय. यादवने खरं सांगितलं आणि पोलिसाला ते अजिबात पटलं नाही.

इकडे काकूंचे गुडघे गेले. संदीप नाशिकला स्थिरावला होता, दमा घेऊनच, पण नोकरी चांगली, तळमजल्यावरचं घर. दर रविवारी फोन करायचा, "बाबा, इकडे या आता." काका काहीतरी निमित्त काढायचे. शेवटी काकूंनी एका रविवारी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि नवऱ्याला मुलासमोर बोलायला लावलं. काकांनी शब्द दिला. सत्याहत्तर भंगारात गेल्याचं वहीत चढलं की बुऱ्हाणपूर सोडायचं. तोवर कोणी विषय काढायचा नाही.

संदीप फोनवर म्हणाला, "बाबा, त्या इंजिनासाठी थांबताय? त्या?"

"त्याच्याचसाठी," काका म्हणाले, "मीच उभं केलं होतं ना खिडकीत. त्याचा शेवट मले माह्यत पायजे."

दुसऱ्या दिवशी काकू जिन्याचा कठडा धरत धरत माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "माझं जाणं तुझ्या डोळ्यांवर अडकलंय, जयश्री. नीट पाहा गं." मी हो म्हणाले. त्यांच्या पायांकडे पाहत म्हणाले.

गेल्या मे महिन्यात मनोजचा निरोप आला. इटारसीकडून एक मालगाडी निघाली आहे, विजेच्या इंजिनामागे तीन मेलेली डिझेलं जोडलेली आहेत, भंगारात चालली आहेत, आणि तिसरं सत्याहत्तर आहे. बुऱ्हाणपूरहून अकराच्या सुमारास जाईल. मी निरोप काकांना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

"मनोजले तुह्या काकूनं फोन केला होता का?"

"काका, काकूंना मनोजचा नंबरही माहीत नाही."

"संदीपले माह्यत हाय. दोघं मिळून मले इथून हलवायले पाहतात. कोणतंबी मेलेलं इंजिन दाखवतील अन् सांगतील, हेच ते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चालू असतं तर मले कोणाचे डोळे नसते लागले. धडधड ऐकून सांगितलं असतं. मेलेलं बोलत नाय ना."

मी भिंतीपलीकडे बसलेल्या काकूंचा विचार करत होते. त्या हे सगळं ऐकत असणार याची मला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांचा संशय आला. संशय हा संसर्गजन्य रोग आहे, काकांच्या शेजारी वीस वर्षं राहून मला तो लागलेला होता.

आम्ही साडेदहालाच फलाटावर गेलो. ऊन रणरणत होतं. काका बाकावर, मांडीवर आठवी वही, काठी गुडघ्यांत. मी खंडव्याच्या टोकाला गेले, यादव भुसावळच्या टोकाला. तेवढ्या लांबून तो मला उन्हात पांढऱ्या सदऱ्याचा ठिपका दिसत होता.

अकरा वीसला गाडी आली, सावकाश. पुढे विजेचं इंजिन गुणगुणत गेलं. मागे पहिलं डिझेल, नंबर स्वच्छ. दुसरं डिझेल, नंबर अर्धा खरवडलेला पण वाचता येण्याजोगा. तिसऱ्याच्या काचा नव्हत्या. दिव्याच्या जागी नुसतं भोक. रंग उडालेला, गंजाचे ओघळ, आणि ड्रायव्हरच्या खिडकीखाली मला तीन, सात, सात दिसले. शंका घ्यायला जागा नव्हती. मनोज खरं बोलला होता.

माझ्यापासून बाकापर्यंत दोनेकशे पावलं असतील. निघाले तेव्हा मी खरं सांगणार होते, देवाशपथ. काकूंचे गुडघे आठवत होते. पन्नासाव्या पावलावर मला शेजारच्या घराचं कुलूप दिसलं. शंभराव्यावर मला माझी संध्याकाळ दिसली, सातला, आठला, नऊला, भिंतीपलीकडे कोणी खोकत नाही, कोणी दुधावरून भांडत नाही. मला राग आला. कोणाचा, ते कळलं नाही. काकूंचा, संदीपचा, नाशिकचा, त्या भोक पडलेल्या इंजिनाचा. बाकाशी पोचले तेव्हा मी वाकून काकांच्या कानात पहिल्या दोघांचे नंबर खरे सांगितले, आणि तिसऱ्याचा सांगितला, "चारशे बारा."

"साफ दिसला?"

"साफ."

"कोणत्या शेडचं?"

मी एका शेडचं नाव ठोकून दिलं. काकांनी मान हलवली आणि मला लांब जायला सांगितलं. मी वळले तोच यादव येताना दिसला. साक्षीदार मी एकटीच नव्हते. आता यादव खरा नंबर सांगेल, दोघांचं जुळणार नाही, काकांच्या लेखी ती गाडी गेलीच नाही असं होईल. ठीक. निदान जाणं टळेल. पण यादव मला खोटारडी समजेल, आणि तसं समजायला त्याला कारण असेल.

यादव काकांच्या कानाशी वाकला. बोलला. काकांनी त्यालाही दोन प्रश्न विचारले. मग त्यांनी वहीवर पालथा हात ठेवला. फलाट रिकामा झाला होता, एक बाई केळीची सालं कुत्र्याला घालत होती.

"दोघंबी इकडे या," काका म्हणाले.

आम्ही गेलो.

"पयल्या इंजिनाचा नंबर दोघांचा एक. दुसऱ्याचाबी एक, अन् तो तर अर्धा पुसलेला होता म्हणता. म्हंजे डोळे दोघांचे चांगले." त्यांनी माझ्या दिशेने तोंड केलं. "तिसऱ्याले ही म्हणते चारशे बारा. अन् हा म्हणते दोनशे सहासष्ट. दोघंबी म्हणता साफ दिसला."

मी यादवकडे पाहिलं. तो आपल्या चपलेकडे पाहत होता. म्हणजे त्यानेही. मला हसू येईल की रडू ते कळेना.

"दोन माणसं वेगवेगळं खोटं कशापायी बोलतील?" काका म्हणाले. "तिसरं सत्याहत्तरच होतं."

त्यांनी मांडीवरची वही चाचपून सरळ केली.

"दोघं सत्याहत्तर बोल्ले असते ना, तर मी मानलं नसतं," ते म्हणाले. "म्हटलं असतं, चंद्रभागेनं फितवलं दोघांले. आता मानलं."

यादव घसा साफ करत म्हणाला, "कडूभाऊ, बुरा नका मानू. तुमच्यासाठीच बोललो. म्हटलं, दिल टूट जाईल तुमचं."

"झूट," काका म्हणाले. शांतपणे म्हणाले. "तू सांग, जयश्री. खोटं माह्यासाठी बोलली का सोतासाठी?"

पंचेचाळीस वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. "स्वतःसाठी," मी म्हणाले. "तुम्ही नाशिकला गेलात तर माझं इथे कोणी राहत नाही. काकूंचे पाय दिसत होते मला, तरी बोलले."

काकांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसला, जरी तो घालून त्यांना काही दिसत नसे.

"हे मानतो," ते म्हणाले. "माह्यावर उपकार करणाऱ्याचा मले भरवसा नाय. यादव, तू?"

"मीबी," तो म्हणाला. "टपरीवर दिवसभर कोण बसणार माझ्याजवळ."

"हां. आता दोन साक्षी जुळल्या." काकांनी वही माझ्यापुढे धरली. "लिही."

मी लिहिलं. नंबर, तारीख, शेड. शेड मला आधीपासून पाठ होती. निरीक्षणाच्या जागी काय लिहू म्हणून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आधी सांग. कसं दिसत होतं?"

चाळीस वर्षं त्यांनी कोणालाही असं विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. काचा नाहीत, दिव्याच्या जागी भोक, गंजाचे ओघळ, कठडा एका बाजूने वाकलेला, छतावर पक्ष्यांची घाण. काही लपवलं नाही आणि काही गोडही केलं नाही. काका पुढे झुकून ऐकत होते. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसत नव्हते. मध्येच म्हणाले, "बरं झालं," आणि थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना, "लय वाईट झालं." दुधात बोट घालून बघणाऱ्या या माणसाने माझं बोलणं संपेपर्यंत एकदाही 'खरंच?' असं विचारलं नाही.

मग त्यांनी काठी शोधली. "चल. काकूले सांगू, सामान बांध म्हणा."

यादव उठला. मला उठवेना.

"काका, थोडं बसा," मी म्हणाले. "अजून एक गाडी यायची आहे."

दुपारी दोनपर्यंत बुऱ्हाणपूरला एकही गाडी नव्हती, आणि त्या स्टेशनचं वेळापत्रक काकांइतकं कोणालाच पाठ नव्हतं. त्यांनी काठी पुन्हा गुडघ्यांत धरली.

"बरं," ते म्हणाले, आणि बसले.